चार महिन्यांच्या गल्ल्यावर बारा महिन्यांचे दुकान

पर्यटनाच्या गावातील छोटे दुकान बंद पडते ते मंदीत, म्हणजे हंगामाबाहेरच्या महिन्यांत, पण त्याचे गणित बहुधा ऐन हंगामात, गल्ला भरलेला असतानाच चुकलेले असते. म्हणून हंगामापूर्वी वर्षभराचे भाडे, वीज, पगार, कर्जाचे हप्ते आणि स्वतःचा घरखर्च यांची बेरीज करून तिला हंगामाच्या दिवसांनी भागावे. हंगाम १२० दिवसांचा असेल, तर त्यातील प्रत्येक दिवसाला सुमारे तीन दिवसांचा खर्च पेलावा लागतो. भागून आलेला हा आकडा रोजच्या नफ्यातून निघायला हवा, नुसत्या विक्रीतून नव्हे. शंभराच्या विक्रीत खरेदीची किंमत वजा जाता २५ उरत असतील, तर रोजची विक्री या आकड्याच्या चौपट व्हायला हवी. मंदीच्या वाट्याची रक्कम रोज दुकान बंद करतानाच वेगळ्या खात्यात टाकावी.

सर्वांत महाग चूक अखेरच्या पंधरवड्यात होते. फळ्या रिकाम्या दिसू लागतात, घाऊक व्यापारी उधारीची मुदत वाढवून देतो आणि दुकानदार नवा माल भरतो. गर्दी ओसरल्यावर दर्शनी भागातल्या टोप्या एका बाजूने उन्हाने विटतात, बिल मात्र पूर्ण भरावे लागते. त्या दिवसांत फळी अर्धी रिकामी दिसली तरी चालेल, असे माझे स्पष्ट मत आहे. शक्य तिथे माल जांगड घ्यावा, म्हणजे न खपलेला परत करता येतो.

भाड्याची वार्षिक रक्कम तीच ठेवून हंगामात मोठे व मंदीत लहान हप्ते द्यावेत, असा प्रस्ताव करार नव्याने होतानाच मालकापुढे ठेवावा आणि ठरेल ते लेखी घ्यावे.

स्थानिक गिऱ्हाईक हंगामात हमखास दुर्लक्षिले जाते. पर्यटकांच्या रांगेत ताटकळलेला, वर चढा भाव मोजलेला शेजारी दुसरीकडे जाऊ लागतो आणि मंदीत परत येत नाही. त्याच्या रोजच्या गरजेच्या वस्तूंसाठी एक फळी बाराही महिने त्याच भावाने राखावी आणि फोनवर सांगितलेला माल आधी बांधून ठेवावा. उधारी द्यावी, पण प्रत्येकाची मर्यादा ठरवून आणि वहीत त्याच्यासमोर लिहून.

मंदीत दिवसभर दिवे जाळत बसण्याऐवजी आठवड्यातले ठरावीक वार व वेळा ठरवून दारावर पाटी लावावी, आणि त्या वेळेत एकही गिऱ्हाईक आले नाही तरी दुकान उघडेच ठेवावे. दोनदा बंद दारावरून परतलेला माणूस तिसऱ्यांदा पाटी वाचायलाही येत नाही.