अमेरिकी हेवीवेटची उतरण मुलांसमोर कशी मांडावी

ठाण्यातील एखाद्या बॉक्सिंग वर्गात हेवीवेट या सर्वांत जड वजनगटात अमेरिका मागे का पडली हा विषय मांडायचा असल्यास कारणांकडे धाव न घेता आधी या गटातील निर्विवाद विजेत्यांची (एकाच वेळी सर्व प्रमुख संघटनांचे जागतिक पट्टे, म्हणजे विजेतेपदे, असणाऱ्यांची) नावे देश आणि वर्षासह फळ्यावर लिहावीत. १९९२मध्ये अमेरिकेचा रिडिक बो, १९९९मध्ये ब्रिटनचा लेनॉक्स लुईस, २०२४मध्ये युक्रेनचा उसिक. बोनंतर एकाही अमेरिकी खेळाडूला हा मान मिळालेला नाही, हे मुलांच्या आपसूक लक्षात येते.

मग कारणे तोलावीत. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथल्या सरकारी प्रशिक्षणातून घडलेल्या धिप्पाड मुष्टियोद्ध्यांना व्यावसायिक रिंगण खुले झाले, हे कारण मला सर्वांत वजनदार वाटते. दुसरीकडे, अमेरिकेतील उंच, चपळ मुलांना अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये महाविद्यालयीन शिष्यवृत्तीची वाट दिसत होती. अमेरिकी हेवीवेट डिऑन्टे वाइल्डरचे उदाहरण येथे जरूर द्यावे. विशीत, म्हणजे बऱ्याच उशिरा, ग्लोव्ह्ज चढवूनही त्याने २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले आणि २०१५मध्ये जागतिक पट्टा जिंकला. प्रतिभा आटलेली नव्हती, ती अन्यत्र वळली होती, असे त्यावरून म्हणता येते.

अनेक संघटनांचे वेगवेगळे पट्टे आणि सशुल्क वाहिन्या ही कारणे मात्र जपून वापरावीत, कारण त्यांनी खेळाचा प्रेक्षक घटल्याचे कळते, अमेरिकाच मागे का पडली हे कळत नाही.