पहिलं लाकडी जहाज: घरच्या घरी गलबत

जहाजाची लाकडी प्रतिकृती करायची म्हटलं की बहुतेकांच्या मनात एचएमएस व्हिक्टरी हे जुनं ब्रिटिश युद्धजहाज असतं. १०४ तोफा, तीन डोलकाठ्या आणि खऱ्या जहाजावर सुमारे ४२ किलोमीटर दोर! पहिल्या खेपेला त्याच्या वाटेला जाऊ नका. त्यापेक्षा आंग्र्यांच्या आरमारातलं गलबत करा. डोलकाठ्या दोनच, दोर मोजके.

रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकाराने गलबताचं वर्णन लिहून ठेवलं आहे. मोठ्यातलं मोठं गलबत साधारण ७० टनांचं. मागची डोलकाठी अगदी बारीक. मुख्य काठीवर एकच भलंमोठं त्रिकोणी शीड, त्याचं टोक काठीच्याही बरंच वर जाणारं. वल्ही ४०-५०. काही गलबतांचा वरचा डेक तर वजन वाचवायला चिरलेल्या बांबूचा असे. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला, कारण जेवणाच्या टेबलावरच्या बांबूच्या चटईच्या काड्या उसवल्या की डेक तयार.

प्रमाण १:५० धरा. म्हणजे ४० सेंटीमीटरचं मॉडेल २० मीटरच्या जहाजाचं होतं. ३३ मिलीमीटर उंचीचा एक पुठ्ठ्याचा खलाशी कापून घ्या आणि काम चालू असताना त्याला सतत डेकवर उभा करून बघा. कठडा त्याच्या डोक्यावर गेला तर काहीतरी चुकलंय.

लाकूड म्हणून सागवान सुचेल, आणि खरी जहाजं सागवानाचीच असत. पण सागवानाचे रेषे जाड. छोट्या मॉडेलवर ते ओंडक्यासारखे दिसतात. हळदूसारखं बारीक रेषांचं लाकूड घ्या आणि रंग नंतर द्या.

सांगाडा सोपा आहे. ४ मिलीमीटर प्लायवूडचा उभा कणा कापायचा, त्याला खाचा पाडायच्या आणि आठ-दहा आडव्या चौकटी काटकोनात बसवायच्या. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब आणि निमुळती ठेवा. फळ्या लावण्याआधी एक पातळ पट्टी चौकटींवरून वाकवून फिरवा. ती प्रत्येक चौकटीला पूर्ण कडेने टेकली पाहिजे. जिथे नुसत्या कोपऱ्याला टेकते, तिथे पॉलिशपेपरने कड तिरकी करा. हे कंटाळवाणं आहे, पण इथे वाचवलेला तास पुढे आठवडा खातो.

आता फळ्या. इथेच बहुतेकांचं जहाज कपाटात जातं, आणि दोष हाताचा नसून न केलेल्या भागाकाराचा असतो. मधल्या चौकटीची कड डेकपासून कण्यापर्यंत ८० मिलीमीटर आहे आणि पट्टी ५ मिलीमीटर रुंद, तर १६ फळ्या लागतील. तीच कड नाळेजवळ ४८ मिलीमीटर भरली, तर त्याच १६ फळ्या तिथे प्रत्येकी ३ मिलीमीटरच्या हव्यात. म्हणजे प्रत्येक पट्टी टोकाकडे तासून निमुळती करायची. निम्म्याहून बारीक करायची वेळ आली तर एक फळी नाळेपर्यंत न नेता आधीच संपवा. सरळ पट्ट्या दामटून बसवल्या की त्या एकमेकींवर चढतात.

पट्ट्या पंधरा-वीस मिनिटं गरम पाण्यात भिजवा, बाटलीला दोऱ्याने गुंडाळून रात्रभर वाळू द्या. चिकटवायला साधा फेविकॉल आणि कपड्यांचे चिमटे. झटपट चिकटणारा गोंद सांडला की त्या डागावर रंग चढत नाही. आणि एक फळी डावीकडे, एक उजवीकडे, असंच लावत जा. मी पहिल्या जहाजाची अख्खी डावी बाजू आधी उरकली होती. कणा केळ्यासारखा वाकला. ते जहाज आजही भिंतीला टेकूनच उभं राहतं.

दोर बांधण्याआधी एक प्रश्न सोडवा: वारा कुठून येतोय? अरबी समुद्रातल्या त्रिकोणी शिडाच्या जहाजांवर डोलकाठीला बाजूने धरणारे दोर कप्प्यांनी ताणत, आणि वाऱ्याकडचे ताठ, दुसरीकडचे सैल ठेवत. वारा डावीकडून आहे असं ठरवलंत, तर शिडाची तिरकी काठी डोलकाठीच्या उजव्या अंगाला येईल, शीड उजवीकडे फुगेल आणि डावे दोर ताणलेले दिसतील. दोन्हीकडचे सारखेच ताठ ठेवले की जाणकार लगेच ओळखतो. डोलकाठी किंचित पुढे झुकवा. शिडाची काठी दोन तुकड्यांची टोकं एकमेकांवर ठेवून, दोऱ्याने आवळून करा. खरीही तशीच करत. शीड चढवायचा दोर डोलकाठीच्या माथ्यावरून मागे डेकवर आणा, म्हणजे तो काठीला मागून आधारही देतो.

दोरा सुती, काथ्याच्या रंगाचा घ्या. चमकणारा नायलॉन नको. खरा दोर ५ सेंटीमीटर जाड, तर तुमचा १ मिलीमीटर. दोरा मेणबत्तीच्या ज्योतीवरून झटकन फिरवून तूस जाळा, मग मधमाशीच्या मेणातून ओढा.

शिडाला जुनं मऊ धोतर उत्तम, चहाच्या पाण्यात बुडवून काढलेलं. शिवण दोऱ्याने घालू नका, या मापाला टाके अवाढव्य दिसतात. पेन्सिलीच्या रेघा पुरतात. शीड काठीला टेबलावरच बांधा, मग चढवा. वल्ही बाहेर काढायची गरज नाही. शीड भरलेलं असताना ती डेकवर जुड्या करून ठेवलेली शोभतात.

गाठींवर पातळ केलेल्या फेविकॉलचा थेंब टाका आणि शेपट्या दुसऱ्या दिवशी कापा. भर थंडीत दोर तारेसारखे ताणू नका. सुती दोरा दमट हवेत आखडतो, आणि जुलैत तुमची बारीक मागची डोलकाठी वाकलेली सापडेल.