वेटेड ब्लँकेट घेताय? आधी वाळवायची जागा बघा

वेटेड ब्लँकेट म्हणजे आत काचेचे किंवा प्लास्टिकचे बारीक मणी भरून मुद्दाम जड केलेलं पांघरूण. अंगावर सगळीकडून सारखा दाब पडला की काही जणांना शांत वाटतं, तळमळ कमी होते, झोप लागते. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रुग्णांना रोजची कामं जमावीत म्हणून उपचार देणारे तज्ज्ञ, हा उपाय खूप आधीपासून वापरत आलेत. आता तो ऑनलाइन दुकानांत कुणालाही मिळतो. पण जाहिरातीतलं घर थंड देशातलं असतं. दादरची दमट रात्र, नागपूरचा मे महिना किंवा चिपळूणचा जुलै त्यात नसतो. आपल्याकडे ब्लँकेट कपाटात पडून राहतं ते बहुतेक दोन कारणांनी: अंगावर उकडतं आणि धुतल्यावर वाळत नाही. निवड करताना सुरुवात इथूनच करावी.

याने झोप येते का?

स्वीडनमध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैराश्य, चिंता, बायपोलर (मनःस्थितीचे टोकाचे चढ-उतार) किंवा एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलता) असलेले आणि निद्रानाशाने त्रासलेले 120 प्रौढ रुग्ण होते. काहींना 6 ते 8 किलोचं ब्लँकेट दिलं, काहींना दीड किलोचं. चार आठवड्यांनी जड ब्लँकेटवाल्यांपैकी जवळजवळ 60 टक्के जणांचा त्रास निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाला होता. हलकं वापरणाऱ्यांत हे प्रमाण साधारण 5 टक्के होतं. आकडे मोठे आहेत, पण आपल्या अंगावरचं पांघरूण जड आहे की हलकं हे प्रत्येकाला कळत होतं, तेव्हा त्यात विश्वासाचाही वाटा असणार. याउलट 2014 साली ब्रिटनमध्ये ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासात झोपेचे तास वाढले नाहीत. तरी मुलांना आणि पालकांना ब्लँकेट आवडलं होतं. म्हणजे हे औषध नव्हे. काहींना उपयोग होतो, काहींना होत नाही, आणि कुणाला होईल हे वापरल्याशिवाय कळत नाही.

आधी हे तपासा

ज्याच्या अंगावर ते घालायचं, त्याला ते स्वतःच्या हातांनी, झोपेतून उठून, क्षणात बाजूला टाकता आलं पाहिजे. ही अट सगळ्यांत मोठी. जिथे ती पूर्ण होत नाही तिथे ब्लँकेट वापरू नका, मग ते कितीही हलकं असो. अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा, पक्षाघातातून सावरणारा माणूस, झोपेची गोळी घेऊन गाढ झोपणारी व्यक्ती यांना म्हणूनच हे देऊ नये.

स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं), दमा, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार), हृदयाचा किंवा रक्ताभिसरणाचा त्रास, हाडांचा ठिसूळपणा असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर विशेष जपा. पायावर वजन जास्त वेळ राहिलं तरी जाणवत नाही. गरोदरपणातही आधी विचारून घ्यावं.

बाळांसाठी तर अजिबात नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 च्या सुरक्षित झोपेच्या सूचनांमध्ये वजनदार ब्लँकेट, दुपटी आणि झोपायच्या पिशव्या तान्ह्या बाळांसाठी वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथे मुलांसाठीची दोन लाखांहून जास्त वेटेड ब्लँकेटं बाजारातून परत मागवली गेली. कव्हरची चेन उघडून आत शिरलेल्या दोन लहान मुली गुदमरून दगावल्या होत्या. मोठ्या मुलासाठी घ्यायचंच असेल तर थेरपिस्टच्या सल्ल्याने, आणि कव्हर असं की मुलाला ते उघडता येणार नाही. शिक्षा म्हणून किंवा शांत बसवायला मुलाला त्यात गुंडाळणं तर कधीच नको.

वजन ठरवणं

साधा हिशेब शरीराच्या वजनाच्या 10 टक्क्यांचा. 60 किलोच्या माणसाला 6 किलो. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर खालचं घ्या. हलकं ब्लँकेट कमी उपयोगी पडेल इतकंच. जड झालं तर कूस बदलताना जाग येते, खांदे अवघडतात.

पैसे घालण्याआधी घरीच चाचणी करता येते. दोन-तीन गोधड्या किंवा जाड सोलापुरी चादरी एकावर एक रचा आणि रात्री अर्धा तास छातीखाली अंगावर घ्या. वजन कळायला त्या कवेत घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा. उकाड्याची चाचणी यातून होत नाही, पण वजन आवडतं की गुदमरल्यासारखं वाटतं हे नक्की समजतं. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी तर हे आधी कराच.

माप माणसाचं घ्यायचं, पलंगाचं नाही. कडा पलंगाखाली लोंबल्या की मण्यांच्या वजनाने ब्लँकेट रात्रभर एका बाजूला सरकत राहतं. जोडप्यासाठी एकच मोठं घेण्यात अर्थ नाही. 50 किलोच्या आणि 85 किलोच्या माणसाला सारखं वजन कसं चालेल? दोघांचं वेगळं घ्या.

आत काय आहे आणि बाहेर काय

काचेचे मणी घ्या. तेवढ्याच जागेत काच ही प्लास्टिकच्या गोळ्यांपेक्षा अडीचपटींहून जड भरते, त्यामुळे ब्लँकेट पातळ राहतं, आणि आपल्या हवेत पातळ असणं फार मोलाचं. प्लास्टिकचं ब्लँकेट त्याच वजनाला फुगीर होतं. तांदूळ, डाळ किंवा बिया भरलेलं घेऊ नका. ते धुता येत नाही, पावसाळ्यात बुरशी धरतं आणि त्यात किडे होतात.

हातात आल्यावर एक कोपरा धरून उभं करा आणि हलवा. वाळू सरकल्यासारखा आवाज येऊन सगळे मणी खाली गोळा झाले तर कप्पे मोठे आहेत किंवा शिवण सैल आहे. चांगल्या ब्लँकेटचे चौकोन तळहाताएवढे, साधारण 10 सेंटिमीटरचे असतात आणि मणी आपापल्या घरात राहतात. मग दोन चौकोनांमधली शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. टाक्यांच्या मधून भोकं दिसली तर परत पाठवा.

कापड सुतीच. थंड देशांत लोकप्रिय असलेलं केसाळ, मऊ पॉलिस्टर किनारपट्टीवर सहन होत नाही. जड पांघरूण अंगाला चिकटून पडतं, त्वचा आणि कापड यांच्यात हवा खेळत नाही आणि घाम सुकत नाही. झोप लागताना शरीराला थोडं थंड व्हायचं असतं, तेच अडतं. वेगळं काढता येणारं सुती कव्हर हवंच आणि ते आतल्या कोपऱ्यांना नाड्यांनी बांधता आलं पाहिजे.

सवय लावताना

पहिल्या रात्री पूर्ण अंगावर ओढू नका. संध्याकाळी वाचताना किंवा टीव्ही बघताना मांडीवर घ्या, पंधरा-वीस मिनिटं. दोन-तीन दिवसांनी झोपताना फक्त पायांवर, मग कमरेपर्यंत, मग खांद्यांपर्यंत. मानेच्या वर कधीच नाही. तोंडावरून पांघरूण घेऊन झोपायची सवय असेल तर ती इथे सोडावी लागेल. मुंग्या आल्या, धाप लागली, बेचैन वाटलं तर लगेच काढा.

उन्हाळ्यात एसी नसेल तर रात्रभर वापरायचा हट्ट नको. पंख्याखाली झोपण्यापूर्वी अर्धा तास, फक्त पायांवर, एवढ्यानेही काहींचं काम होतं. नाशिक-पुण्याकडच्या डिसेंबर-जानेवारीत ते खऱ्या अर्थाने सुखाचं होतं. दोन ते चार आठवडे नेमाने वापरूनही फरक नसेल तर वजन वाढवत बसू नका. तुमच्यासाठी हा उपाय नाही. निद्रानाश जुना असेल तर डॉक्टरांकडे जा.

धुणं आणि वाळवणं

आता जागेचा प्रश्न. कव्हर दर आठवड्याला, फार तर पंधरा दिवसांनी धुवा. ते नेहमीच्या चादरीसारखंच. आतलं ब्लँकेट मात्र वर्षातून एक-दोनदाच, तेही लेबल वाचून. मधल्या काळात डाग पडला तर तेवढाच भाग साबणाच्या गार पाण्याने पुसून घ्या.

वॉशिंग मशीनवर लिहिलेले किलो सुक्या कपड्यांचे असतात. 7 किलोच्या मशीनमध्ये 7 किलोचं ब्लँकेट घातलं तर स्पिनच्या वेळी वजन एका बाजूला जाऊन ड्रम आपटतो. माझ्या मते 7 किलोच्या मशीनला 4-5 किलोपर्यंतचं ब्लँकेट पुरे, तेही फ्रंट लोड, गार पाणी आणि हलकी सायकल. त्याहून जड असेल तर मोठं मशीन असलेली लाँड्री गाठा किंवा मोठ्या टबात सौम्य साबणात बुडवून हातांनी दाबून धुवा. धोपाटणं चालवू नका, दगडावर आपटू नका, पिळू नका. यातल्या कशानेही शिवण उसवते.

दोरीवर एकेरी टांगलं की सगळं ओलं वजन एका रेषेवर येतं. त्याऐवजी गच्चीत स्वच्छ चादरीवर आडवं पसरा, किंवा बाजेवर, नाहीतर जवळजवळ बांधलेल्या तीन-चार दोऱ्यांवर. दर दोन तासांनी उलटा आणि चिकटलेले मणी हाताने मोकळे करा. वरून सुकलं तरी आत ओल राहते. कप्पा गालाला लावून बघा, गार लागला तर अजून वेळ आहे. जून ते सप्टेंबर आतलं ब्लँकेट धुवायला काढूच नका. ऑक्टोबरचं कडक ऊन त्यासाठी उत्तम. गच्ची, अंगण, मोठी बाल्कनी यांपैकी काहीच नसेल तर 4 किलोच्या वर जाऊ नका, किंवा फक्त मांडीवर घ्यायचं छोटं वजनी पॅड घ्या.

ठेवताना घडी घालून दिवाणाच्या कप्प्यात, सुती पिशवीत ठेवा. माळ्यावर नको, इतकं वजन डोक्यावरून खाली ओढताना अपघात होतो.

एखादा कप्पा उसवला तर त्याच दिवशी शिवा. आधी आजूबाजूचे मणी झटकून भोकापासून दूर करा, जाड धाग्याने दुहेरी उलटी टीप घाला, वरून लहानसा सुती तुकडा लावा. जमिनीवर सांडलेले मणी ओल्या फडक्याने टिपून घ्या. ते इतके बारीक असतात की फरशीवर दिसत नाहीत, पाय घसरतो, आणि रांगणारं मूल ते तोंडात घालतं.