जीपच्या चेसीचा क्रॅक आम्ही असा दुरुस्त केला

आमची जुनी फोर बाय फोर जीप शहाद्याहून तोरणमाळचा घाट चढताना मागून कटकट करायची, सगळे म्हणे पाटे (चाकावरचे पट्ट्यांचे स्प्रिंग) गेले, पाटे गेले. नानाच्या खळ्यात मागची बाजू स्टँडवर उचलली, वायर ब्रशने माती न गंज काढला तर पाटा जिथं अडकवतात त्या हँगरजवळ चेसीलाच, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यालाच क्रॅक!

गावातला वेल्डर म्हणे वरून रॉड मारून देतो भो, दहा मिनिटाचं काम. तसं बिलकुल करू नका. क्रॅक जिथं संपतो तिथं आधी ६ एमएमचं भोक पाडा म्हणजे तो पुढं सरकत नाही, मग ग्राइंडरने व्ही खाच करून वेल्ड भरा आणि घासून सपाट करा, मगच वरून पट्टी. पट्टी चौकोनी नको, पतंगासारखी कापा, कारण चेसीला सरळ उभा वेल्ड मारला की पुढचा क्रॅक त्याच रेषेत येतो. आणि पट्टी चेसीच्याच जाडीची घ्या. आमचा एक मित्र १० एमएमची प्लेट घेऊन आला होता, त्याला जाड म्हणजे मजबूत वाटतं, पण जाड पट्टीच्या कडेलाच चेसी तुटते. त्याच्या त्या प्लेटची आता शेगडी झालीय.

वेल्डिंगचे रॉड ७०१८ नंबरचे (लो-हायड्रोजन) वापरले, ते ओले चालत नाहीत. वेल्डिंगआधी बॅटरी न अल्टरनेटरच्या वायरी काढल्या, डिझेलची टाकी पण उतरवली.

पाटे अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवीनच टाका, आणि दोन-तीनशे किलोमीटर चालवल्यावर परत टाइट करा, ढिले होतातच.