एसी बाधतो म्हणजे नेमके काय बाधते?

उन्हाळ्यात एसी सुरू झाला की घरातले कोणीतरी सकाळी शिंकत उठते आणि ‘मला एसी बाधतो’ असे म्हणते. ही तक्रार खोटी नसते. मात्र बाधणारी गोष्ट बहुतेक वेळा गारव्यापेक्षा वेगळी असते आणि ती शोधून दूर करता येते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. घरातला नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढून, थंड करून तो परत सोडतो. त्यामुळे बंद खोलीत उदबत्ती किंवा डासांची कॉइल लावली, तर तिचा धूर रात्रभर तिथेच फिरत राहतो. एसीची जाळी जाडसर धूळ आणि तंतू अडवते, पण धुरातले सूक्ष्म कण तिच्यातून सहज निघून जातात. म्हणून एसीच्या खोलीत धूर करू नये, आणि झोपण्यापूर्वी व सकाळी उठल्यावर काही वेळ खिडक्या उघडून हवा बदलावी.

दुसरे कारण एसीच्या पोटात असते. हवा थंड करणाऱ्या नळ्यांवर, म्हणजे एसीच्या कॉइलवर, हवेतली वाफ पाणी होऊन साचते, आणि त्या ओलीवर धूळ बसली की बुरशीला हवे ते सगळे मिळते. एसी बंद करून, भिंतीवरचा मुख्य स्विचही बंद करून, हवा येते त्या फटीतून टॉर्च मारून पाहा. आत गोल फिरणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, दिसतो. त्याच्या पात्यांवर काळे ठिपके किंवा चिकट थर असेल, तर एसी सुरू होताच तेच कण तुमच्या नाकाशी येतात. माझ्या आईचा पहाटेचा खोकला सुरू झाला, तेव्हा आम्ही महिनाभर औषधेच बदलत राहिलो. शेवटी ब्लोअर धुऊन घेतला, तर बादलीत अक्षरशः काळे पाणी उतरले. हे आधी पाहायला हवे होते, असे आजही वाटते.

जाळी घरीच धुता येते. वापराच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी ती काढावी, साध्या पाण्याखाली धूळ बसलेल्या बाजूच्या उलट बाजूने धुवावी आणि सावलीत पूर्ण सुकल्यावरच बसवावी. ओली जाळी बसवणे म्हणजे बुरशीला आमंत्रणच. धुताना दमेकरी माणसाला दूर ठेवावे. कॉइल, ब्लोअर आणि पाण्याचा ट्रे यांची सफाई मात्र उन्हाळ्यापूर्वी तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. एसीतून कुबट वास येऊ लागला किंवा घरात पाणी ठिबकू लागले, तर पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नये. रोज एसी बंद करण्याआधी थोडा वेळ नुसता फॅन मोड चालवला, तर आतली ओल कमी होते.

तापमानाबाबत आपण फार हट्ट करतो. अठरा अंशांवर एसी लावून दुलई पांघरण्यात अर्थ नाही. आपल्याकडे २०२० पासून स्टार लेबल असलेल्या एसीचे मूळ तापमान, म्हणजे कंपनीने आधीच लावून दिलेले तापमान, २४ अंश ठेवणे बंधनकारक आहे. ते प्रामुख्याने वीजबचतीसाठी असले, तरी श्वासालाही सोसते. थंड, कोरड्या हवेने दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकसतात, म्हणून हवेचा झोत पलंगावर न येता छताकडे जाईल अशी पाती वळवावीत. नाक-घसा कोरडा पडत असेल तर पुरेसे पाणी प्यावे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात मात्र अडचण उलटी असते. तिथे कपाटामागच्या भिंतीलाही ओल येते, तेव्हा ड्राय मोड वापरून खोलीतली आर्द्रता कमी करणे दम्याच्या दृष्टीने उपयोगाचे ठरते.

एवढे करूनही रात्री छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल, धाप लागत असेल किंवा इन्हेलर नेहमीपेक्षा जास्त लागत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. त्रास कोणत्या खोलीत होतो, किती वाजता होतो आणि बाहेरगावी गेल्यावर कमी होतो का, हे लिहून नेले तर त्यांना निदान करणे सोपे जाते. बोलता बोलता धाप लागत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर मात्र टिपणे बाजूला ठेवून रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.