बाळाच्या वाकळीला खालून चुण्या पडत होत्या, त्यावर केलेला उपाय

मशीनवर वाकळ (गोधडी) शिवताना वरचा भाग सपाट आणि खालच्या कापडाला चुण्या, हा त्रास बहुतेक थर सरकल्यामुळे होतो. मशीनचे दाते खालचं कापड ओढतात, कापड दाबणारा वरचा पाय वरचं कापड अडवून धरतो.

मापं ७५ × १०० सेंमी. आत जुन्या सुती साडीचे दोन थर. महाद्वार रोडवरून आणलेलं नवं सुती कापड आधी धुवून, इस्त्री करूनच कापावं. नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वाकळ गोळा होते. कोल्हापूरच्या पावसात कापड पूर्ण वाळल्याशिवाय थर लावू नयेत, आत कुबट वास धरतो.

खालचं कापड फरशीवर ताणून चारही कडा चिकटपट्टीने धरल्या. त्यावर साडीचे थर आणि वरचं कापड पसरून मग मधून कडेकडे, १० सेंमी अंतरावर कच्चा दोरा (नंतर उसवायचे लांब टाके) घातला. खरा फरक यानेच पडतो. टाचण्या नकोच, घरात रांगतं मूल असतं. सुई १६ नंबर, टाका ३ ते ३.५ मिमी, पायाचा दाब थोडा सैल. पहिली शिवण मधोमध, पुढच्या आलटून-पालटून दोन्ही बाजूंना.

कच्चा दोरा घातलेली वाकळ गुंडाळून ठेवता येते. मूल झोपलं की दोन-तीन ओळी होतात.