मधोमध तुटलेली कवळी: जोडण्याआधी काय बघायचं

वरची कवळी मधोमध दुभंगून रुमालात गुंडाळून आली की हात आपसूक सेल्फ-क्युअरच्या (न तापवता आपोआप घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या) पावडरकडे जातो. सांगलीच्या दवाखान्यात पेशंट जतहून किंवा आटपाडीहून पहिल्या एसटीने आलेला असतो, संध्याकाळी त्याला परतायचं असतं. "डॉक्टर, तेवढी चिकटवून द्या," एवढंच त्याचं मागणं. चिकटवणं अवघड नाही. पण कवळी का तुटली हे न बघता जोडली, तर ती त्याच रेघेवर पुन्हा तुटते.

म्हणून आधी विचारा: हातातून पडली की जेवताना तुटली? बेसिनमध्ये पडून तुटलेली नुसती जोडली तरी भागतं. भाकरी खाताना तुटली असेल, तर ती बरेच दिवस वाकून वाकून थकलेली होती. हिरडीखालचं हाड झिजत जातं, टाळूचा मधला कडक भाग मात्र फारसा झिजत नाही. मग कवळी त्या उंचवट्यावर तराजूच्या दांडीसारखी टेकते आणि दर घासाला दोन्हीकडे लवते. त्यात खाली पेशंटचे स्वतःचे दात असतील, ओठाला हिरडीशी जोडणाऱ्या पट्टीसाठी पुढची खाच खोल व टोकदार कापलेली असेल किंवा टाळूकडचं कवळीचं प्लास्टिक म्हणजे अ‍ॅक्रिलिक फार पातळ असेल, तर चीर तिथूनच सुरू होते.

आता जोडणी. दोन्ही तुकडे घासून धुवा, जंतुनाशकात ठेवा, कोरडे करून जुळवून बघा. तुकडे केसाइतकीही फट न राहता बसले पाहिजेत. घरी सुपरग्लू लावून आणली असेल तर तो थर पूर्ण खरवडून काढावा लागतो. नाहीतर तुकडे वाकडे जुळतात आणि चावा बिघडतो. बारकी कपची हरवली असेल किंवा तुकडे नक्की कुठे बसतात हे कळत नसेल, तर अंदाजाने जोडू नका. तुकडे तोंडात बसवून वरून माप घ्या.

जुळले की पॉलिश केलेल्या बाजूने स्टिकी वॅक्स (चिकट मेण) लावा. दोन-तीन जुने बर (ड्रिलची टोकं) किंवा काड्यापेटीच्या काड्या दोन्ही तुकड्यांवर आडव्या चिकटवा. आतल्या बाजूचे अंडरकट (आत वळलेले खोलगट भाग) भरून घ्या आणि तिथे स्टोन (कडक प्लास्टर) ओता. स्टोन पक्का झाल्यावर तुकडे काढा, खाली उरलेल्या स्टोनच्या मॉडेलला कोल्ड मोल्ड सीलचा (नवं प्लास्टिक स्टोनला चिकटू न देणाऱ्या द्रवाचा) पातळ हात द्या. मग तुटलेल्या कडा ट्रिमरने मागे घ्या. मधली फट सुमारे 3 मिमी हवी आणि कडा काटकोनात न ठेवता तिरक्या, गोलसर हव्यात. कोन राहिला की ताण तिथेच साठतो. फट उगाच रुंदही करू नका: जितकं नवं अ‍ॅक्रिलिक जास्त, तितकं आकुंचन जास्त.

सगळ्यात जास्त टाळाटाळ होते ती मोनोमर, म्हणजे पावडरसोबतचं लिक्विड, लावण्यात. ब्रश एकदा फिरवून भागत नाही. कडा 180 सेकंद ओल्या राहिल्या पाहिजेत. घड्याळ लावा. तेवढ्यात जुन्या अ‍ॅक्रिलिकचा पृष्ठभाग फुगून मऊ होतो आणि नवं त्यात मुरतं. मग पावडर आणि लिक्विड आलटून पालटून टाकत फट भरा, थोडी वरपर्यंत भरा. मॉडेलसकट प्रेशर पॉटमध्ये 40 ते 45 अंशांच्या पाण्यात, 20 ते 30 पीएसआय दाबाखाली 15 ते 20 मिनिटं ठेवा. प्रेशर पॉट नसेल तर निदान कोमट पाण्यात बुडवा. उघड्यावर सेट झालेल्या सांध्यात बुडबुडे राहतात, आणि तिथे वास आणि डाग दोन्ही धरतात. एवढं करूनही सेल्फ-क्युअरच्या सांध्याला मूळ अ‍ॅक्रिलिकची ताकद येत नाही, हे पेशंटला आधीच सांगून ठेवा.

पमिसने (घासायच्या बारीक पुडीने) पॉलिश केल्यावर कवळी तोंडात बसवा आणि दोन्ही बाजूंच्या प्रीमोलरवर (सुळ्यामागच्या दातांवर) आलटून पालटून बोट दाबा. डोलली तर टाळूच्या मध्यावर प्रेशर इंडिकेटिंग पेस्ट (दाब कुठे पडतो ते दाखवणारी) लावून टेकणारी जागा घासा. तरीही डोलत असेल तर रिलाइनशिवाय (माप घेऊन आतून नवा थर दिल्याशिवाय) इलाज नाही. पुढची खाच टोकदार असेल तर आताच गोल करून घ्या.

रिलाइनच्या मापाआधी हिरडी शांत असायला हवी. लाल, सुजलेली असेल तर टिश्यू कंडिशनर (हिरडीला आराम देणारं मऊ अस्तर) भरून काही दिवस थांबा. निदान आदल्या रात्री तरी कवळी काढून ठेवायला सांगा. आतून 1 ते 2 मिमी घासा, अंडरकट पूर्ण काढा, टाळूत एक भोक पाडा म्हणजे जादा पेस्ट बाहेर येते. झिंक ऑक्साइड पेस्ट किंवा लाइट बॉडी (मापाचं पातळ रबर) भरून कवळी बसवा आणि पेशंटला नेहमीच्या चाव्यात हलकेच दात मिटून ठेवायला लावा. इथे हमखास चूक होते ती कवळी पुढे आणि खाली सरकण्याची. मग दात लांब दिसतात आणि चाव्याची उंची वाढते. ओठाखाली दात किती दिसत होते ते आधी मोजून ठेवलं तर ही चूक लगेच पकडता येते.

घरच्या सफाईबद्दल थोडक्यात. मऊ ब्रश, साधा साबण. टूथपेस्ट नको, ती अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे पाडते. उकळतं पाणी तर अजिबात नको, कवळी वाकडी होते. धुताना बेसिनमध्ये अर्धं पाणी भरून ठेवा. रात्री पाण्यात ठेवा, उन्हात वाळवू नका. सांगलीत हळदीचे डाग नवे नाहीत. अंगाच्या साबणाने धुतल्यावर ते लालसर झाले तर घाबरू नये, हळद-चुन्याचं कुंकू होतं तोच हा प्रकार. स्पिरिटने पुसू नका, अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. 4 ते 5 टक्क्यांचं हायपोक्लोराइट (ब्लीच) असेल तर एक भाग त्याचा, नऊ भाग पाणी. आठवड्यातून एकदा 10 मिनिटं ठेवून खळखळून धुवा. धातूची किंवा सॉफ्ट लायनरची (मऊ अस्तराची) कवळी असेल तर हे करू नका.

गाव लांब असलं तरी दुसऱ्या दिवशी एकदा बोलवाच. येण्याआधी तीन-चार तास कवळी घालून, त्यानेच जेवून यायला सांगा. दुखतं म्हणून खिशात घालून आणली, तर हिरडीवरची लाल खूण गेलेली असते आणि कुठे घासायचं ते कळत नाही.